पेडल खाली गेलं म्हणजे पॅडच गेले असं नसतं, भावा

पत्र आलंय पुण्याहून. थोडं कापून देतो, बाकी जसंच्या तसं:

"काका, माझ्याकडे २०२१ ची पोलो १.० टीएसआय मॅन्युअल आहे. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर कोइम्बतूरच्या कारी स्पीडवे या रेसिंगच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा आयुष्यातला पहिला ट्रॅक डे केला. तीन लॅप नाद खुळा गेले. चौथ्या लॅपला सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं आणि पार खाली गेलं. दोनतीनदा पंप केलं तेव्हा गाडी कशीबशी आवरली, तरी मातीत गेलोच. अर्ध्या तासाने ब्रेक परत बऱ्यापैकी लागायला लागला. आता दिवाळीनंतर परत जायचंय. एक मित्र म्हणतो सरळ रेसिंगचे पॅड टाक, दुसरा म्हणतो भोकं पाडलेल्या डिस्क घे. पण गाडी रोज बाबाही चालवतात, सिंहगड रोडवरून कात्रजला दुकानात जातात. रोजच्याला आणि ट्रॅकला दोन्हीकडे चालेल असा एकच सेट सांगा. पॅडसाठी पंधरा हजार बाजूला काढलेत."

भावा, आधी एक गोष्ट, तू माझ्याकडे पॅड विचारायला आलास पण तुझ्या पत्रात पॅडची तक्रारच नाहीये. परत वाच स्वतःचं पत्र. "पेडल मऊ लागलं आणि पार खाली गेलं", "पंप केलं तेव्हा आवरली", "अर्ध्या तासाने परत लागायला लागला". हे ब्रेक ऑईल उकळल्याचं लक्षण आहे. पॅड, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून घासून थांबवणारा तुकडा, जेव्हा हात वर करतो ना, तेव्हा पेडल खाली जात नाही. उलट दगडासारखं टणक राहतं, तू दोन्ही पायांनी उभा राहिलास तरी हलत नाही आणि गाडी मात्र आरामात पुढे चाललीय. ही दोन दुखणी वेगळी, औषधं पण वेगळी. पंधरा हजाराचे पॅड टाकून तेच जुनं ऑईल ठेवून गेलास तर चौथ्याऐवजी पाचव्या लॅपला मातीत जाशील, एवढाच काय तो फरक.

होतं काय ते सांगतो. १४० वरून ६० वर गाडी आणायची म्हणजे ६० वरून पूर्ण थांबवण्याच्या जवळजवळ साडेचारपट ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, शाळेतलंच गणित आहे. तू धरून बाराशे किलोची गाडी, त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे असा एक दणका दिला की पुढची प्रत्येक डिस्क ढोबळमानाने शंभरेक अंशांनी तापते. पुण्यात सिग्नलला थांबलास की पुढच्या सिग्नलपर्यंत ती थंड होते. कारी फक्त २.१ किलोमीटरचा आहे, तिथे श्वास घ्यायला सरळ रस्ताच कमी, डिस्क थोडी थंड होते न होते तोच पुढचा टर्न आला. दर लॅपला उष्णता चढत जाते. डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडच्या मागच्या पत्र्यातून कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिस्टनमध्ये, आणि पिस्टनच्या मागे काय असतं? ऑईल.

आता ब्रेक ऑईलला पाणी ओढायची सवय असते. डबीचं झाकण बंद असलं तरी होजमधून, सीलमधून दमट हवा शिरतेच. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑईलचे दर्जे. डॉट ४ चं नवं ऑईल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हद्द १५५ वर आली तरी ते नियमात बसतं. डॉट ३ तर २०५ आणि १४० चं. ऑईल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही, म्हणून तुझा पाय खाली गेला आणि कॅलिपरला काही पोचलंच नाही. थंड झालं की वाफेचं परत ऑईल, पेडल परत वर, आणि आपल्याला वाटतं झालं गेलं गंगेला मिळालं. तसं नसतं, एकदा उकळलेलं ऑईल बदलायचंच असतं. तुझी गाडी २०२१ ची आहे. ऑईल शेवटचं कधी बदललं ते पत्रात नाही, आणि ज्या अर्थी नाही त्या अर्थी बदललेलंच नसणार, बरोबर ना? सर्व्हिसिंगला "टॉप अप केलं" लिहितात ते बदलणं नव्हे हां. दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं घालायचं असतं, ट्रॅकवर न जाणाऱ्यानेसुद्धा.

म्हणून पहिला खर्च ऑईलचा. मोटुल आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं डॉट ४ घे, त्याचा नव्याचा उकळबिंदू ३१२ आहे आणि पाणी मुरल्यावरसुद्धा तो दोनशेच्या वर राहतो. घेताना बाटली सीलबंद बघ. उरलेलं अर्धं "पुढच्या वर्षीला होईल" म्हणून कपाटात ठेवायचं नाही, उघडलेली बाटली म्हणजे पाणी प्यायला बसलेली बाटली. डॉट ५ लिहिलेलं उचलू नकोस, ते सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं, तुझ्या गाडीत बाद. डॉट ५.१ चालतं, नाव सारखं असलं तरी ते डॉट ४ च्याच घराण्यातलं. मेस्त्रीला सांग चारही चाकांच्या ब्रेक लाईनची एअर काढायची, मॅन्युअलमध्ये जो क्रम दिलाय त्या क्रमाने, निप्पलमधून स्वच्छ रंग येईपर्यंत. आणि तुझ्या गाडीत क्लचपण त्याच डबीतलं ऑईल पितो, ती लाईन बहुतेक जण विसरतात, तीही काढायला लाव. समोर उभा राहा. "झालं साहेब" म्हणून निम्म्यात बोळवण करणारे कमी नाहीत.

आता पॅड. तुझी हौस आहे, पैसे काढलेत, आणि सेशन लांबलं की कंपनीचे पॅडही तोंड फिरवणारच, साधारण साडेतीनशे-चारशे अंशांपुढे रोजच्या पॅडची पकड ढासळायला लागते. म्हणजे पॅड बदलणं चूक नाहीच, पण कुठला?

मित्र म्हणतो रेसिंगचे टाक. ऐक, माझी एक जुनी गोष्ट. माझ्याकडे एस्टीम होती, पोरं रॅलीला पळवायची तसली. एका दोस्ताने रॅलीच्या गाडीतून काढलेले अर्धे संपलेले पॅड दिले, फुकट, आणि फुकट म्हटल्यावर आपण कोल्हापूरकर कशाला नाही म्हणतोय. बसवले, दुपारी हायवेला दोनचार दणके देऊन बघितले, डोळे बाहेर यायची वेळ, असला ब्रेक! दुसऱ्या दिवशी पहाटे पन्हाळ्यावरून खाली निघालो, डिसेंबर महिना, धुकं. वाघबीळच्या उतारावर वळणातून बाहेर पडलो तर समोर उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आपल्याकडे असतंय तसं. ब्रेक दाबला. पेडल टणक, आणि गाडी जणू मला ओळखतच नाही. तिसरा टाकला, दुसरा टाकला, हँडब्रेक ओढला, आणि ट्रॉलीच्या मागे टीचभर अंतर ठेवून थांबलो. बॉनेटवर उसाचं पाचट लोंबत होतं. ते पॅड तापल्याशिवाय धरतच नव्हते, आणि थंडीत गाडी काढल्यावर पहिल्या उतारावर तापणार कसे? त्याच दिवशी काढून फेकले.

तुझे बाबा सकाळी दुकानाला निघतात तेव्हा तुझी पोलो अशीच गार असणार. त्यांच्या समोर कुणी स्कूटरवाला आडवा आला तर पॅड पहिल्या दणक्याला धरला पाहिजे, पाचव्या नव्हे. पूर्ण रेसिंगचे पॅड गारठ्यात आळशी असतात, किंचाळतात, डिस्क खातात, आणि त्यांची भुकटी अलॉयवर चिकटून गंजाचे ठिपके पडतात. हे सगळं ट्रॅकवर ट्रेलरवरून नेणाऱ्याला चालतं. तू तर पुण्याहून कोइम्बतूरला हजाराच्या वर किलोमीटर गाडी चालवत जातोस आणि चालवत येतोस, त्यातले ट्रॅकवरचे किती? शंभर-दीडशे. मग पॅड कुणासाठी निवडायचा, सांग बरं.

तर मधल्या जातीचा घे. कंपन्या ज्याला फास्ट रोड आणि हलका ट्रॅक म्हणतात तो. फेरोडोचा डीएस २५००, किंवा ईबीसीचा यलोस्टफ, या पट्टीतला. दोन्ही थंड असताना धरतात आणि साध्या पॅडपेक्षा कितीतरी उशिरा दमतात. ईबीसीच्या रंगांचा गोंधळ होतो पोरांचा, हिरवा, लाल, पिवळा, निळा, जितका भडक तितका भारी असं काही नाही. लाल हा सिरॅमिक, कमी भुकटीचा, झकपक रस्त्यासाठी, तुला पिवळाच बघायचाय. तुझ्या कॅलिपरच्या साईजमध्ये कुठला मिळतो ते आधी बघ, पार्ट नंबर जुळव, पोलोत वेगवेगळ्या वर्षांत पुढचे ब्रेक सारखेच आहेत असं धरून चालू नकोस. जुना पॅड काढून नव्यावर ठेवून आकार जुळवलास तर उत्तम. या पॅडचे तोटेही ऐकून घे, सकाळी थोडी कुरकुर करतील, भुकटी जास्त, आणि डिस्क कंपनीच्या पॅडपेक्षा लवकर झिजेल. बाबांना आवाजाचं आधीच सांगून ठेव नाहीतर ते गाडी घेऊन सरळ सर्व्हिस सेंटरला जातील आणि तिथली पोरं त्यांना काय काय बदलायला लावतील देव जाणे.

जाता जाता फेरोडोची गंमत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९७ मध्ये हा धंदा सुरू केला, डोंगराळ भागात. तिकडचे गाडीवान उतारावर चाकाला जुना बूट लावून ब्रेक करायचे, ते बघून म्हणे त्याच्या डोक्यात आलं की याच्यापेक्षा बरं काहीतरी करता येईल. म्हणजे जगातला पहिला आफ्टरमार्केट पॅड हा कुणाचा तरी फाटका बूट होता.

पॅडच्या कडेला किंवा मागच्या पत्र्यावर छापलेल्या कोडमध्ये शेवटी दोन अक्षरं असतात बऱ्याचदा, एफएफ, जीजी, जीएफ अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं चांगलं आणि दुसरं खालचं असेल तर समजायचं हा तापला की सोडतो. पण ही अक्षरं बघून सगळं कळतं असं मानू नकोस, ती चाचणी प्रयोगशाळेतली, छोट्याशा तुकड्यावरची. आणि युरोपचा आर ९० शिक्का असला तर त्याचा अर्थ एवढाच की पॅड मूळच्या पॅडच्या पकडीच्या पंधरा टक्के अलीकडे-पलीकडे आहे. रोजच्या गाडीला चांगली गोष्ट, पण ट्रॅकवर टिकेल याची ती हमी नाही.

नकलीचं बघ. खोकं हुबेहूब, होलोग्राम पण हुबेहूब, भाव निम्मा. ब्रेकमध्ये निम्म्या भावाच्या मागे लागू नये एवढंच म्हणतो, अधिकृत डीलरकडून बिलासकट घे.

आणि हे नीट समजून घे, नाहीतर नवे पॅड टाकून निराश होशील. गाडी शेवटी टायर थांबवतो. कंपनीच्या पॅडवरसुद्धा जोरात दाबल्यावर एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, कुरकुरतेय ना? म्हणजे पॅडमध्ये टायर लॉक करायची ताकद आधीच आहे, भारी पॅडने पहिल्या ब्रेकचं अंतर काही कमी होणार नाही. भारी पॅड घ्यायचा तो दहाव्या ब्रेकसाठी, म्हणजे दहावा पहिल्यासारखा लागावा म्हणून. तुझे टायर दगड झाले असतील तर पंधरातले पैसे तिकडे वळव. आणि तुझ्या गाडीला मागे डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहेत, तिथे काहीतरी भारी लायनर शोधत बसू नकोस, फक्त साफ करून अ‍ॅडजस्ट करून घे. उलट पुढे फारच चावरा पॅड घातलास तर सगळं काम पुढेच ढकललं जातं, मागची चाकं नुसती पाहुणी.

भोकंवाल्या डिस्क? नको. भोकांच्या कडेने तडे जातात, ट्रॅकच्या उष्णतेत तर हमखास. साध्या डिस्क चांगल्या जाडीच्या असल्या की पुरे. कॅलिपरवर लाल प्लास्टिकचं कव्हर बसवून मिळतं बाजारात, ब्रँडचं नाव लिहिलेलं, ते तर गरम तव्यावर झाकण ठेवण्यासारखं आहे. रंग पाहिजे तर रंग लाव, त्याला माझी ना नाही.

पॅड बसवल्या बसवल्या ट्रॅकवर जायचं नाही. नव्या पॅडमधला राळेचा अंश पहिल्यांदा तापताना गॅस सोडतो आणि पॅड त्या गॅसवरच तरंगतो, पेडल टणक आणि ब्रेक गायब, नवेकोरे पॅड असताना. म्हणून आधी पॅड बसवून घ्यायचे, मुरवायचे म्हण हवं तर. पहाटे मोकळा रस्ता बघ, मागे कुणी नाही याची खात्री कर, आधी दोनशे-तीनशे किलोमीटर साधं चालव, मग ८० वरून ३० वर आणणारे आठदहा ब्रेक, मध्यम जोराने सुरू करून वाढवत, पण पूर्ण थांबायचं नाही. मग दहापंधरा मिनिटं ब्रेक न लावता गाडी फिरवत थंड होऊ द्यायची. डब्यातल्या कागदावर कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो खरा मान. पूर्ण का थांबायचं नाही? तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला की तिथे पॅडचा ठसा उमटतो, आणि पुढे सहा महिने स्टिअरिंग थरथरतं. मग सगळे म्हणतात डिस्क वाकली. डिस्क वाकलेली नसते बहुतेक वेळा, तिच्यावर डाग पडलेला असतो.

हेच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे. सेशन संपलं की शेवटचा लॅप ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, हळू चालव. आत येऊन थांबलास की पेडलवर पाय ठेवून गप्पा मारायच्या नाहीत, हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला वीट लावायची. वीट घरून घेऊन जा, तिथे सापडत नाही ऐनवेळी. तापमान बघायला पोरं कोरोनातली थर्मामीटरची बंदूक घेऊन येतात, ती अंगाच्या तापासाठी असते रे, डिस्कसमोर धरली तर नुसतं "हाय" दाखवेल. वर्कशॉपवाली घे, पाचशे अंशांच्या वर मोजणारी.

आणि चालवण्याचं. नवीन माणूस टर्नच्या कितीतरी आधीपासून ब्रेक हलका हलका घासत येतो, आपण घाटात चुकीचं करतो तसंच. नवले पुलाच्या उतारावर ट्रकचे ब्रेक जातात ते याच रोगाने, गाडी न्यूट्रल, पाय सतत पेडलवर, इंजिनाची मदत शून्य. ट्रॅकवर उलटं कर, उशिरा नाही, पण थोडक्यात आणि ठाम, सरळ असताना दाब आणि सोड. तीन लॅप जोरात, एक हळू. पेडल जरा जरी लांब जायला लागलं की त्याच लॅपला आत ये, "अजून एक" म्हणायचं नाही. तुला मागच्या वेळी तिसऱ्या लॅपला पेडल थोडं खाली गेलेलं नक्की जाणवलं असणार, पण मागून मित्र येत होता, हो ना?

एक कागदाचं काम. गाडीच्या साध्या विमा पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगैरे वापर वगळलेला असतो, "लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज" असं लिहिलेलं पान काढून वाच. मातीत गेलास तेव्हा भिंत नव्हती म्हणून बरं.

दोन सेट ठेवायचे, ट्रॅकचे वेगळे आणि पिटमध्ये बदलायचे, हा मार्ग चांगलाच आहे, पण वर्षाला चारपाच ट्रॅक डे व्हायला लागले की मग. चेन्नईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर किंवा ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर जायला लागलास की विचार, तिथे सरळ रस्ता लांब, वेग जास्त, म्हणजे वर्गाचं तेच गणित परत. तेव्हा मला लिही.

निघायच्या आधी पॅडची जाडी बघ, निम्म्यापेक्षा कमी उरला असेल तर त्याच्यावर ट्रॅकला जाऊ नकोस, पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनला देतो आणि परत तीच ऑईलची गोष्ट. परत आल्यावर चाक काढून पुन्हा बघ, एका कॅलिपरचे आतले-बाहेरचे पॅड सारखे झिजलेत का, नसतील तर स्लाईड पिना, म्हणजे कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या, जाम आहेत. बाबांच्या हातात किल्ली द्यायच्या आधी स्वतः गार गाडीचे पहिले चार ब्रेक मारून बघ, कॉलनीतल्या कॉलनीत.

आणि जाताना हायवे कोल्हापूरवरूनच आहे. सकाळी लवकर निघालास तर मिसळीच्या वेळेला पोचतोस. ये, ऑईल खरंच बदललंय का ते मी डबी उघडून बघतो.